दारातली जागा

सकाळी नऊला नेमिनाथ चौगुले धूतवस्त्र नेसून, हातात कलश घेऊन दारात आले, तर दारात एक पांढरी गाडी उभी. ती त्यांची नव्हती. स्वतःची गाडी त्यांनी आदल्या संध्याकाळी मुद्दाम बाजाराच्या मैदानात नेऊन लावली होती आणि तिथून ते चालत घरी आले होते. गाडी घेतल्यापासून एवढं चालण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. जागा अडवायला ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची कुणीतरी अतिशय सभ्यपणे ओट्यावर उचलून ठेवली होती.

"आवं, आता महाराज दारात यायचं कसं?" मागून चंदनबाला म्हणाल्या. त्यांच्या हातात नारळ होता.

प्रश्न रास्त होता. जैन मुनिमहाराज सांगलीत एकच दिवस मुक्कामाला होते. संध्याकाळी विहार करून पुढं जाणार. वाहनात ते कधी बसत नाहीत. अनवाणी, पुढची चार हात जमीन बघत चालतात. आहाराच्या वेळी देवळातून निघतात, दारोदार जोडपी कलश घेऊन उभी असतात आणि मनात धरलेला नियम, म्हणजे अमुक फळ किंवा अमुक खूण, जिथं जुळेल तिथं महाराज थांबतात. दिवसातून एकदाच. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण चंदनबालांच्या दारात महाराज कधी थांबले नव्हते. दिवस उगवल्यापासून त्यांनी विहिरीच्या पाण्यावर स्वयंपाक केला होता.

"ही भरतेशची गाडी," नेमिनाथ म्हणाले. ती इथं का लागते, तेही त्यांना आठवलं.

दोन वर्षांपूर्वी पालिकेची भाग्यश्री नावाची तरुण इंजिनिअर नकाशा घेऊन गल्लीत आली होती. दोन्ही बाजूंना रुंद फूटपाथ, कडुलिंब, बसायला बाकडी, गाड्या बाहेर मैदानात.

"काका, दिवसाला इथनं दोन हजार माणसं चालतात आणि चाळीस गाड्या जातात. मग रस्ता कुणाचा?"

"ज्यानं रोडटॅक्स भरलाय त्याचा," नेमिनाथ म्हणाले होते. गल्ली हसली होती.

"एक बाकडं तरी हू द्या की," चंदनबाला तेव्हा म्हणाल्या होत्या. "देवळातनं येताना गुडघं लय बोलत्यात. जरा टेकायला हुईल."

नेमिनाथांनी विरोधाच्या अर्जावर एकशे बारा सह्या जमवल्या. चंदनबालांची त्यांनीच केली. मूळ सहीपेक्षा बरी आली. योजना मागच्या गल्लीत गेली, नेमिनाथांना शाल मिळाली. मागच्या गल्लीत कडुलिंब लागले, बाकडी आली, गाड्या बंद झाल्या. पण गाड्यांना कुठंतरी उभं राहावं लागतंच. त्या नेमिनाथांच्या गल्लीत आल्या. भरतेश मागच्याच गल्लीत राहायचा.

आता अडचण अशी, की सोवळ्यातल्या माणसानं फोनला हात लावायचा नाही. दूधवाला केरबा रस्त्यानं निघाला होता. त्याला थांबवून नेमिनाथांनी फोन लावायला सांगितला. केरबानं हात लांब करून फोन हवेत धरला.

"भरतेश! गाडी काढ!"

"नेमाण्णा, मी सोवळ्यात हाय," पलीकडून आवाज आला, तोही लांबून. तिकडं फोन फुलवाल्या बनुबाईंनी धरला होता. "म्हाराजांच्या आहाराचा चौका लावलाय आमी पण."

"मग घरातलं कुणीतरी पाठीव."

"सगळं घर सोवळ्यात हाय. किल्ली शर्टात, शर्ट खुंटीला."

"बनुबाईला सांग की!"

"मी फुलं इकते, आण्णा," बनुबाई म्हणाल्या. "गाडी न्हाई हाकत."

शेवटी केरबा सरसावला. "आण्णा, मला ट्रॅक्टर येतोय. आनतो किल्ली."

तो गेला, बनुबाईंकडून किल्ली घेऊन पळत आला. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी "आले, आले" झालं. महाराज वळले होते. आहाराच्या मुद्रेत उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर खाली. नेमिनाथ आणि चंदनबाला गाडीमागून एका सुरात म्हणू लागले, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ!" चंदनबाला ठेंगण्या. रस्त्यावरून बघणाऱ्याला टपावर फक्त एक नारळ दिसत होता.

केरबाला काय करू नि काय नको झालं. ट्रॅक्टरच्या किल्लीला बटणं नसतात. या किल्लीला चार होती. त्यानं लाल दाबलं.

गाडी बोंबलायला लागली. चारी दिवे उघडझाप करू लागले. कुत्री धावली. महाराज क्षणभर थांबले. पुढची चार हात जमीन त्यांनी पाहिली; तिच्यावर एकीकडं मोटरसायकल होती, दुसरीकडं टेम्पो. ते शांतपणे वळले आणि मागच्या गल्लीत, कडुलिंबाच्या सावलीतून चालू लागले.

पाच मिनिटांनी तिकडून जयजयकार ऐकू आला. भरतेशच्या दारात थांबले होते.

"चला," चंदनबाला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "त्यांच्या चौक्यात जाऊ. सोवळ्यात हाय तवर दोन घास तरी महाराजांच्या ओंजळीत माझ्या हातनं पडतील."

नेमिनाथ भिंतीला चिकटून कसेबसे सुटले. चंदनबाला अंग चोरून निघाल्या. ओटा आणि गाडी यांच्यामध्ये वीतभर जागा होती. पदर आरशाला घासला.

त्या थांबल्या. पदरावर धुळीचा काळा पट्टा उठला होता. सोवळं मोडलं होतं.

"जावा तुमी," त्या म्हणाल्या.

नेमिनाथ गेले नाहीत. पायरीवर बसले. केरबा अजून बटणं दाबत होता.

"त्या अर्जावर तुझी सही मी केलती," ते म्हणाले.

"ठावं हाय मला. चंदनबालातला 'चं' मी असा काढत न्हाई."

दुसऱ्या दिवशी नेमिनाथ नवा अर्ज घेऊन पालिकेत गेले. भाग्यश्रीनं फाइल काढली, एकशे बारा सह्या दाखवल्या. "काका, निधी संपला. आता पाच वर्षांनी बघू." ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

नेमिनाथांची गाडी मैदानातच राहिली. दारात त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मांडली, संध्याकाळपर्यंत शेजारी दुसरी. देवळातून येताना चंदनबाला तिथं टेकू लागल्या. मग बनुबाई फुलांची टोपली घेऊन बसू लागल्या.

आठवड्यानं पांढरी गाडी गल्लीत शिरली. भरतेशनं काच खाली केली.

"नेमाण्णा, तेवढ्या खुर्च्या उचला की. गाडी लावायची हाय."

नेमिनाथांनी चंदनबालांकडं पाहिलं. त्या पाय लांब करून गुडघा चोळत होत्या.

"दिसत न्हाई व्हय रं?" नेमिनाथ म्हणाले. "माणूस बसलंय."