अनवाणी अंपायर

आमच्या नालवाडीच्या मैदानावरची मॅच बंद पडायची ती मनोहर काकाजींच्या तळपायांमुळे. काकाजी अंपायर. डोक्याला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, आणि पाय उघडे. मे महिन्यात! वर्ध्यात! आम्ही बाया वाळलेले कपडे काढायलासुद्धा चपला घालून पळतो, आणि हा माणूस खेळपट्टीच्या टोकाला अनवाणी उभा. बॉलर धावत निघालेला असायचा आणि काकाजी एकदम हात आडवा करायचे. एक पाय उचलायचे, टेकवायचे, दुसरा उचलायचे. मग निकाल द्यायचे, "बस. जमीन नाई म्हणते."

संपलं! मग एक रन हवी असो की दहा, काकाजी दोन्हीकडचे स्टंप उपटणार, काखेत मारणार आणि घराकडे चालू लागणार. पोरं मागे मागे, "काकाजी, एकच बॉल! तुम्हाले शप्पथ आहे!"

"मले काय म्हणता बे? तिले विचारा," असं म्हणून ते खाली जमिनीकडे बोट दाखवायचे.

माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी मैदानाकडे उघडते, त्यामुळे ब्लाऊजला हुक लावता लावता ही सगळी वकिली मी फुकटात ऐकायची. माझी जान्हवी त्या पोरांमध्ये एकटीच पोरगी. पाचवीत गेली तेव्हापासून विकेटकीपर. घरात पाण्याचा ग्लास हातातून सुटतो, पण बॉल काही सुटत नाही.

उन्हाळा आला की आमच्या गल्लीत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, उन्हात पोरांना सोडता कशाला, जड झालीत का? दुसरा म्हणतो, आम्ही नाही का खेळलो भर उन्हात, आम्हाला काय झालं? (हे म्हणणारे माझे यजमान. ते स्वतः मार्चपासूनच कूलरसमोरून हलत नाहीत.) दोन्ही पक्ष शेवटी काकाजींकडे जायचे आणि काकाजी दोघांनाही झापायचे. "पोट्टे खेळलेच पाहिजे. घरात कोंडले त मोबाईलमध्ये डोकं घालून बसते. पण जमिनीले विचारून खेळलं पाहिजे."

हे विचारायचं तंत्र ते देवळीच्या जिनिंग गिरणीतून शिकून आले होते. तिथं उमर गेली त्यांची. कापसाच्या ढिगावर अनवाणी चढायचं आणि तळपायानं ओल सांगायची. म्हणजे असं ते सांगत. पुण्याला असलेल्या मुलानं एकदा त्यांच्या फोनमध्ये तापमान दाखवणारं काहीतरी टाकून दिलं. काकाजींनी ते मला मोठ्या तुच्छतेनं दाखवलं. "हे हवेतलं ऊन दाखवते, संध्या. पोट्टे काय हवेत खेळून राह्यले?"

मला हसू आलं होतं. खरं सांगायचं तर हसता हसता आम्ही सगळे त्या पायांच्या भरवशावर बसलो होतो. कुणी घड्याळ पाहत नव्हतं. काकाजी आहेत ना, त्यांचे पाय आहेत ना, जमीन नाही म्हणेल तेव्हा पोरं येतील घरी. अशी आमची पद्धत.

या वर्षी नवतपा लागला. हे नऊ दिवस म्हणजे आमच्याकडे सूर्य जणू गच्चीवर येऊन बसतो. शेजारच्या कॉलनीच्या पोरांशी मॅच होती. लग्नाचे ब्लाऊज माझ्या मानगुटीवर बसलेले, म्हणून मी मान खाली घालून शिवत होते. मध्येच कूलरमधलं पाणी संपलं म्हणून उठले आणि घड्याळाकडे लक्ष गेलं. बारा वाजायला आले होते. बाहेर मॅच चालूच! मी खिडकीतून पाहिलं, तर काकाजी खेळपट्टीपाशी शांत उभे, देवळातल्या मूर्तीसारखे.

मनात आलं, काकाजींचं काही तरी गणित असेल. मी भरलेली बादली उचलली आणि तेवढ्यात पोरं ओरडली.

जान्हवी स्टंपमागे आडवी पडली होती. बादलीसकट मी कशी धावले मला आठवत नाही. तोंड लालबुंद, अंगाला हात लावला तर चटका, आणि घामाचा थेंब नाही. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "बाई, माझी वही घरी राह्यली." मला, आईला, बाई म्हणाली! पोरांनी तिला कडुलिंबाच्या सावलीत ओढलं, कुणी बाटल्या ओतल्या, मी कूलरसाठी भरलेली बादली तिच्यावर रिकामी केली आणि शेजारच्यांच्या गाडीत घालून ओली चादर गुंडाळून दवाखान्यात नेलं.

सलाईन लागलं. तासाभरानं तिनं डोळे उघडून "आई" म्हटलं, तेव्हा मी भोकाड पसरलं. आणि रडून झाल्यावर मागे वळले, कारण आता मला भांडायचं होतं. काकाजी दारात उभे होते, आमच्या मागून आलेले.

मी तोंड उघडणार तोच नर्स ओरडली, "काकाजी, पाय पहा तुमचे!"

दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर दारापर्यंत ओले, लालसर ठसे उमटले होते. काकाजींनी खाली पाहिलं. मग एक पाय उचलून तळवा पाहिला. फोड आलेले, फुटलेले. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूणसुद्धा नव्हती. ते नुसते पाहत राहिले, कुणा दुसऱ्याचे पाय असावेत तसे.

डॉक्टर म्हणाले, साखर. नसा बधिर झाल्यात. खाली निखारा असता तरी यांना कळलं नसतं.

गल्लीत त्याच संध्याकाळी निकाल लागला, पावसाळ्यापर्यंत मैदान बंद. पोरं घरोघरी मोबाईल घेऊन लोळायला लागली. जान्हवी बरी झाली, तशी खिडकीशी बसून रिकाम्या मैदानाकडे पाहायची. माझं मात्र भांडण राहूनच गेलं होतं. ते पोटात ठेवणाऱ्यांतली मी नाही. चार दिवसांनी गेले काकाजींकडे.

दार उघडंच होतं. पायांना पट्ट्या, पाय स्टुलावर, कोपऱ्यात स्टंप. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. "काकाजी, माही पोरगी गेली असती म्हंजे?"

"हो," ते म्हणाले. "गेली असती."

असं सरळ उत्तर आलं की भांडणाची पंचाईत होते. मी विचारलं, "तुम्हाले पायाचं कधीपासून समजत नाई?"

"दिवाळीपासून. बाभळीचा काटा घुसला होता. रात्री चादरीले रक्त दिसलं तवा समजलं."

"मंग सांगतलं काऊन नाई कोणाले?"

ते पट्टीचा सुटलेला दोरा ओढू लागले. "सांगतलं असतं त मले कोण बोलावलं असतं व, संध्या? पोट्टे सकाळी स्टंप न्याले येते. 'काकाजी उठा, काकाजी चला' करते. म्हणून त मी ते घरी आणतो. नाई त मैदानावर ठेवले असते, कोण चोरते? तुही काकी गेल्यापासून या दारात दुसरं कोण येते? मले वाटलं, घाम पाहून, सावली पाहून सांगीन अंदाजानं. एवढे वर्सं सांगतलं." मग त्यांनी दोरा सोडून दिला. "त्या दिवशी खरंच मले जमीन थंडी लागली. माह्या जान्हवीले मी उन्हात उभी ठेवली व."

माझा राग कुठं गेला, मलाच कळलं नाही. रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा राग आला, की या माणसानं चहा प्यायला आमच्याकडे यायचं ना सरळ! त्यासाठी अंपायर कशाला व्हावं लागतं?

तेच मी त्यांना म्हटलं. दोन्ही पक्षांशी गल्लीत भांडलेही. ठरलं ते असं: खेळ पहाटे सुरू, आठच्या ठोक्याला बंद, आणि घड्याळ पाहणार मी. काकाजी अंपायर राहणार, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या जाड तळाच्या सँडल घालून.

पहिल्या सकाळी ते आले. चपलेची सवय नाही, नव्या नवरीसारखे पाय मोजत चाललेले. पोरं हसली, त्यांनी शिव्या दिल्या, खेळ सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या ओव्हरला जान्हवीनं हात वर करून बॉलरला थांबवलं. ग्लोव्हज काढले, स्टंपमागून निघाली आणि धावत पार काकाजींपर्यंत गेली.

"काकाजी, पट्टा सुटला तुमचा. पाय बाहेर येऊन राह्यला."

काकाजी खाली पाहून ओशाळले. "मले समजलंच नाई व बेटा."

ती मातीत मांडी घालून बसली, त्यांचा पाय धरून सँडलमध्ये सारखा केला आणि पट्टा आवळला. "मंग काय झालं?" ती म्हणाली. "आम्ही सांगत जाऊ ना."