निम्मं डोकं, निम्मं नशीब

रविवारी दुपारी धम्मप्रियाने कॅरमचा स्ट्रायकर भिरकावला. तो टीव्हीच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि बातम्या सांगणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा हिरवा झाला. समोर हरवणारा कोणी परका नव्हता, सख्खा बाप होता. आनंदराजने राणी घेतली होती, तीही चुकून.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं राणी घ्यायला?" ज्योत्स्ना नवऱ्यावरच कडाडली.

"अगं, मी काळी मारायलो होतो. ती आपोआप गेली."

"आपोआप! बारा वर्षांत या घरातलं एक काम तुमच्या हातून आपोआप झालं न्हाई. राणी बरी आपोआप जाती!"

धम्मप्रिया दहा वर्षांची होती आणि हरणं तिच्या घशाखाली उतरत नसे. ल्युडोच्या सोंगट्या तिने वरणात टाकल्या होत्या. बुद्धिबळाच्या सरांनी तिला दोन महिन्यांतच घरी पाठवलं होतं. "पोरगी हुशार आहे," ते म्हणाले होते, "पण तिचा वजीर मेला की ती समोरच्याच्या घोड्याचं मुंडकं मोडती. माझ्याकडं आता तीनच घोडे राहिलेत."

हा राग कुणाकडून आला, यावर घरात दोन मतं होती. ज्योत्स्नाचं ठाम मत होतं की तो सासरकडून आला. सासरच्या माणसांनी कधी आवाज चढवल्याचं मात्र कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. आनंदराजचं मत वेगळं होतं, पण ते त्याने अजून उच्चारलं नव्हतं.

ज्योत्स्नाला जास्त झोंबायचं ते दुसऱ्याच कारणाने. ती रोज लातूरहून एसटीने औशाला जाऊन शाळेत गणित शिकवायची, आणि दर वर्षी क्रीडादिनाला खिलाडूवृत्तीवर भाषण तिचंच असायचं. "हार ही जीत असते, मुलांनो," असं माइकवर सांगून घरी यावं आणि घरात स्ट्रायकर उडत असावेत, हे काही बरं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने वर्गाच्या मागच्या बाकावर दोन पोरांना भुताखेतांच्या पत्त्यांचा डाव मांडताना पकडलं. पत्ते जप्त करणार, एवढ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. हरलेल्या पोराने तोंड वाकडं केलं नव्हतं. "नशीब बेकार बे आपलं," एवढं म्हणून तो पत्ते पिसायला बसला होता. ज्योत्स्ना तशीच उभी राहिली. मग जप्ती तिने केलीच, पण संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर घरी न जाता ती सरळ गंजगोलाईच्या बाजारात गेली.

भीमाशंकर यांचं खेळण्यांचं दुकान तिथे जुनं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गल्ल्याशेजारी सुपारीची डबी, आणि कुठलाही खेळ द्यायच्या आधी डॉक्टरासारखी विचारपूस. ज्योत्स्नाने दहा वर्षांच्या पोरीसाठी खेळ मागितला.

"पोरगी हरल्यावर रडती का मारती?"

"हे काय विचारणं झालं?"

"विचारावं लागतंय मॅडम. रडणाऱ्याला येगळा खेळ, मारणाऱ्याला येगळा."

ज्योत्स्नाने इकडेतिकडे पाहिलं. "फेकून मारती," ती हळू आवाजात म्हणाली.

"फेकून." दुखणं सापडल्यासारखी त्यांनी मान हलवली. "मग लाकडी, पितळी काही नको. कागदीच देतो."

त्यांनी तीन खोकी मांडली. पहिल्यात क्रिकेटवाले होते. ज्याच्या धावा जास्त, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. "पन ही पोरगी आठ दिवसांत सगळे आकडे पाठ करंल. मग तिच्यासंगं कोन खेळंल?" दुसऱ्यात सगळ्यांनी मिळून एका राक्षसाला हरवायचं होतं. त्यात कुणीच हरत नव्हतं.

"हाच द्या!" ज्योत्स्ना म्हणाली.

"देतो की. पन परवा वापस आणताल. कोणीच हरंना म्हणल्यावर मजा काय? त्यो खेळ न्हाई मॅडम, भजन हाय."

तिसऱ्या खोक्यावर लाल डोळ्यांचं भूत होतं आणि नाव होतं 'रणभूत'. प्रत्येकाने आपापला चाळीस पत्त्यांचा गठ्ठा जमवायचा, एक कमी नाही, एक जास्त नाही. नवे पत्ते बंद पाकिटातून मिळायचे.

"ह्यात निम्मं डोकं, निम्मं नशीब," भीमाशंकर म्हणाले. "हरलं तर नशिबाला शिव्या घालायच्या, जिंकलं तर डोक्याचं नाव करायचं. तुमच्या पोरीला ह्योच लागू पडतोय."

"पाकिटात कोणते पत्ते निघतात?"

"ते मलाबी ठाव न्हाई."

"माल विकायलात आणि आत काय ते ठाऊक न्हाई म्हणायलात?"

"हरभऱ्याचं पोतं घेताना आत खडे किती ते सांगतंय का कोणी?"

ज्योत्स्नाला त्यांचा राग आला, पण पैसे तिने मोजून दिले. ती खोकं घेऊन निघाली.

आणि खेळ लागू पडला! पहिल्याच संध्याकाळी धम्मप्रिया बापाकडून हरली. आनंदराजने सवयीने डोकं झाकून घेतलं. ती मात्र म्हातारीसारखा सुस्कारा सोडून म्हणाली, "नशीबच फुटकं माझं," आणि पत्ते पिसू लागली. आठवडाभर घरात काहीही उडालं नाही. आनंदराज तर हिरव्या बाईच्या बातम्यासुद्धा आनंदाने बघू लागला.

बिघडलं ते पाकिटांमुळे. पाकिटात पाच पत्ते असत आणि त्यांत हमखास एक चिखल्या निघे. चिखल्या हे रणभूतातलं सगळ्यात मरतुकडं भूत. कुणावरही सोडलं तरी ते आधी स्वतःच मरायचं. धम्मप्रियाकडे सात चिखले जमले.

"आण ते पाकीट इकडं. तुला फोडता येत न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली.

"फोडण्यात काय असतंय मम्मी?"

"आण म्हणते ना!"

तिने फोडलं. आठवा चिखल्या. ज्योत्स्नाच्या कपाळाची शीर तटतटली. हा सरळसरळ अन्याय होता. दुसऱ्या दिवशी औशाहून येताना तिने स्वतःच दोन पाकिटं आणली आणि दारात चप्पल काढायच्या आधी दातांनी फाडली. नववा आणि दहावा.

"ही लूट आहे!" ती ओरडली. "ग्राहक मंचात खेचते एकेकाला!"

"चिखल्या निघाला म्हणून?" आनंदराजने विचारलं.

"तुम्ही गप बसा. तुम्हाला कशाचा राग म्हणून येत न्हाई!"

मग भीमाशंकर यांच्या दुकानात एक कागद चिकटलेला दिसला. येत्या रविवारी एका शिकवणी क्लासच्या हॉलमध्ये रणभूतची स्पर्धा, बारा वर्षांखालच्यांसाठी. ज्योत्स्नाने तिथल्या तिथे नाव घातलं. आनंदराजला हे पटलं नाही. लातुरात स्पर्धांना काय तोटा होता? चौकाचौकात अठ्ठ्याण्णव टक्केवाल्या पोरांचे फ्लेक्स लागलेले. निदान भुतांना तरी त्यातून सोडावं, असं त्याला वाटत होतं.

"घरात शांत हाय ते बघवंना का तुला?"

"घरात शांत राहून काय उपयोग? चारचौघांत हरता आलं पाहिजे."

"म्हणजे हरायला घेऊन चाललीस ना?"

"मग काय जिंकायला?" ज्योत्स्ना इतक्या जोरात म्हणाली की आनंदराजने पुढचं विचारलंच नाही.

रविवारी हॉलच्या दाराशीच पाकिटं विकायला ठेवलेली होती. ज्योत्स्नाने जाता जाता एक घेतलं, फाडलं आणि जागच्या जागी थिजली. आत वज्रगेंडा होता! सोनेरी शिंगाचा, चकाकता, अख्ख्या खेळातला सगळ्यात बळकट. धम्मप्रिया वेणी सारखी करत होती, तिचा गठ्ठा आईच्या हातात होता. पोरीला ऐन लढाईत अचानक हाती लागावा म्हणून ज्योत्स्नाने तो पत्ता हळूच गठ्ठ्याच्या मधोमध सारला. कुणाला सांगितलं नाही. तिला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

धम्मप्रियाने पहिले दोन डाव जिंकले, तेही गेंडा हाती न लागता. तिसऱ्या डावाला समोर आला उदगीरचा मल्लेश. वय नऊ, जाड भिंगाचा चष्मा, शर्टाची सगळी बटणं लावलेली. मागे त्याचे वडील हाताची घडी घालून उभे होते.

"ताई, तुमची पाळी," मल्लेश दर वेळी अदबीने म्हणायचा. ही अदब ज्योत्स्नाला सहन होईना. एवढं गोड बोलणारं पोर काहीतरी लपवत असणार, असं तिला वर्गातल्या पंधरा वर्षांच्या अनुभवावरून वाटत होतं. आणि तेवढ्यात मल्लेशने गठ्ठ्यातून एकाऐवजी दोन पत्ते उचलले.

"ए! दोन उचलले त्यानं! मी बघितलं!"

पंच महांतेश हा इंजिनिअरिंगला शिकणारा तरुण होता. तो धावत आला. "मॅडम, पालकांनी दोरीच्या पलीकडं थांबायचं."

"दोरी गेली खड्ड्यात. त्यानं दोन पत्ते उचलले!"

"त्याच्याकडं दुबोट्या भूत हाय मॅडम. दुबोट्या असला की दोन उचलता येतात. पत्त्यावर लिहिलंय."

"मम्मी, येतात," धम्मप्रियाही म्हणाली. "तू बस ना. मी जिंकायलेय."

पण ज्योत्स्ना आता बसण्याच्या पलीकडे गेली होती. दहा चिखल्यांचा साठलेला राग एकदम वर आला. "कोणत्या पाकिटात निघतात असले दुबोटे? आमच्या पाकिटात कसे निघत न्हाईत? ह्याचा गठ्ठाच खोटा असणार. मोजा! चाळीसच्या वर असतील, लिहून देते मी!"

"मोजा की," मल्लेशचे वडील शांतपणे म्हणाले. "आमची काय ना न्हाई."

त्या शांतपणाने तर ती आणखीच भडकली.

"मॅडम, मोजायचे तर दोघांचेबी मोजावे लागतील," महांतेश म्हणाला.

"खुशाल मोजा! गणिताची शिक्षिका आहे मी, मोजणीला भिते का काय?"

हॉलमधले सगळे डाव थांबले. पोरं बाकांवर चढून बघू लागली. मल्लेशचे पत्ते भरले चाळीस. मग महांतेशने धम्मप्रियाचे मोजले, थांबला आणि पुन्हा मोजले.

"एक्केचाळीस."

"शक्यच न्हाई. इकडं आणा." ज्योत्स्नाने गठ्ठा हिसकावला आणि मोठ्याने मोजू लागली, वर्गात मोजतात तशी, एकेक पत्ता टेबलावर आपटत. एकविसाव्या पत्त्याला सोनेरी शिंग चमकलं. बाविसाव्या पत्त्याला तिचा आवाज खाली आला. एक्केचाळिसावा पत्ता तिने टेबलावर ठेवला तो अगदी अलगद.

रागाला जायला आता जागाच उरली नव्हती. भीमाशंकर आठवले, पण ते दुकानात होते. आनंदराज शेजारीच होता, पण त्याने यात खरोखरच काही केलं नव्हतं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली होती आणि कुणीतरी "चीटिंग" म्हणालं. धम्मप्रियाचे कान लाल झाले.

"तिला काही बोलायचं न्हाई," ज्योत्स्ना ताडकन म्हणाली. "तिला ठाऊकच न्हाई. तो पत्ता मी घातलाय. सकाळी. तिला न विचारता."

महांतेशने डोकं खाजवलं. त्याला वाईट वाटलं असावं, पण नियम होता आणि हातात माइक होता. "धम्मप्रिया, पालकांनी जादा पत्ता घातल्यामुळं बाद," त्याने जाहीर केलं. अख्खा हॉल खिदळला.

आनंदराजने पोरीच्या हाताजवळची, पंचाची कंपास पेटी गुपचूप उचलून खिशात घातली. ज्योत्स्नाने डोळे मिटले. धम्मप्रिया उठली. तिने मल्लेशकडे पाहिलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "भारी खेळतोस रे. फायनलला जिंक."

"थँक्यू ताई," मल्लेश म्हणाला.

टाळ्या पडल्या. मल्लेशच्या वडिलांनीच आधी वाजवल्या. इतक्या पडल्या की आयोजकांना काहीतरी करावंच लागलं. बक्षीस समारंभात विजेत्यांच्या आधी खिलाडूवृत्तीचा खास चषक धम्मप्रियाला मिळाला. "अशा संस्कारांबद्दल आईचंसुद्धा अभिनंदन," असंही महांतेश माइकवर म्हणाला. तो भोळेपणाने म्हणाला की मुद्दाम, हे ज्योत्स्नाला शेवटपर्यंत कळलं नाही.

परतताना तिघं रिक्षात बसले. चषक ज्योत्स्नाच्या हातात होता. तो ती सारखी फिरवून बघत होती.

"तू रडली न्हाईस," शेवटी ज्योत्स्ना म्हणाली. "काही फेकलंबी न्हाईस. मला लई बरं वाटलं बघ. हारसुद्धा..."

"मी कशाला रडू?" धम्मप्रिया आश्चर्याने म्हणाली. "मी कुठं हरले? मी पुढंच होते. तू हरलीस."

ज्योत्स्नाने आनंदराजकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

"हसायलात? तुम्ही हसायलात माझ्यावर?" ज्योत्स्नाचा चषकाचा हात वर गेला.

"मम्मी," धम्मप्रियाने तिचं मनगट धरलं, "असं फेकायचं नसतंय. लागंल कोणाला तरी."

ज्योत्स्नाने हात खाली घेतला. रिक्षावाला मघापासून आरशातून बघत होता. त्याने कौतुकाने विचारलं, "पोरीला बक्षीस भेटलं का मॅडम?"

"हाव काका," धम्मप्रिया म्हणाली. "मम्मीमुळं."