रणपिसेसाहेबांनी बिऱ्हाडं हलवली

रणपिसेसाहेब कॉम्प्युटरच्या पडद्यावर टकटक करायचे. काही बिघडलं म्हणून नव्हे, आत जायची परवानगी म्हणून. कुणाची फाइल उघडायची असली की बोटाच्या पेराने काचेवर हलकेच वाजवायचे आणि ज्याची फाइल असेल त्याच्याकडे वळून म्हणायचे, "मोरेबाई, येऊ का आत?"

मोरेबाई शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असायच्या. मान वर न करता त्या म्हणायच्या, "या साहेब." मग साहेब आत जायचे. म्हणजे फाइल उघडायचे.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी लातूरकडून नोकरीसाठी आलो आणि पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात लागलो. खातं म्हणजे एक थंडगार खोली. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत यायचं, आत मोठ्याने बोलायचं नाही. माझे चुलते एकदा गावाहून आले होते, तेव्हा मी त्यांना दारातूनच खोली दाखवली. त्यांनी आत डोकावून हात जोडले आणि विचारलं, "प्रसाद काय असतो?"

रणपिसेसाहेब या खोलीचे प्रमुख. उंच, सडपातळ, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. वडील इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. हे शिष्यवृत्तीवर शिकले आणि साहेब झाले. साहेबपणा मात्र अंगात कुठेच नव्हता. दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचे नाहीत. कुणी बसा म्हटलं तरी उभ्यानेच बोलायचे. दुसऱ्याचं पेन घ्यायची वेळ आलीच तर लिहून झाल्यावर टोपण लावून, ज्या जागी होतं त्याच जागी, त्याच दिशेला ठेवायचे.

त्यांच्या बोलण्यात 'फाइल' हा शब्द कमीच यायचा. डिस्कवर प्रत्येकाला आपापली कामं ठेवायला जागा दिलेली असते, तिला ते बिऱ्हाड म्हणायचे. "मोरेबाईंच्या बिऱ्हाडात स्टोअरचे सगळे पार्ट आहेत." "बिराजदार, तुमच्या बिऱ्हाडात फार पसारा झालाय, जरा आवरा." बिराजदार म्हणजे मी.

एकदा आमचे मॅनेजर खरेसाहेब तावातावाने आले. त्यांना मोरेबाईंची एक यादी तातडीने बघायची होती.

"त्या जेवायला गेल्यात साहेब," रणपिसे म्हणाले. "आल्या की विचारून उघडतो."

"विचारून? अहो, कॉम्प्युटर कंपनीचा आहे!"

"कंपनीचाच आहे साहेब. पण आतला संसार त्यांचा आहे."

खरेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली जमिनीकडे पाहिलं. शेवटी मलाच कॅन्टीनला पिटाळलं. मोरेबाईंनी तोंडात घास तसाच ठेवून हाताने 'उघडा उघडा' अशी खूण केली, ती मी धावत येऊन साहेबांना जशीच्या तशी करून दाखवली, आणि मगच यादी उघडली. खरेसाहेब तोवर त्यांना नक्की काय बघायचं होतं ते विसरले होते.

हसायला ठीक होतं. पण एका दिवाळीनंतर हसण्यासारखं काही उरलं नाही.

सुट्टीनंतर आम्ही कामावर आलो तर कॉम्प्युटर सुरूच होईना. मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला. त्याने निदान केलं की यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम बिघडलाय, सगळी डिस्क पुसून तो नव्याने भरावा लागेल. आमच्याकडे एकच डिस्क. मूळ प्रोग्रामही तिच्यावर आणि सगळ्यांची कामंही तिच्यावर, एकमेकांत मिसळलेली. कामांची नक्कल टेपवर घेतलेली होती, पण पावसाळ्यात त्या टेपला बुरशी धरली होती. ती वाचता येईना.

"पुसायचं म्हणजे बिऱ्हाडं पण?" साहेबांनी विचारलं.

"कसली बिऱ्हाडं?" इंजिनिअर म्हणाला.

डिस्क पुसली गेली. मोरेबाईंनी कित्येक आठवडे बसून टाइप केलेली स्टोअरची सगळी यादी गेली. बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी स्टोअरमधल्या मालाच्या पहिल्या कार्डापासून पुन्हा टाइप करायला घेतलं. रणपिसेसाहेब त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि एकेक कार्ड मोठ्याने वाचून दाखवू लागले. "बोल्ट, षटकोनी, मोठा. वॉशर, पितळी." खात्याचा प्रमुख स्टुलावर बसून बोल्ट वाचतोय हे बघायला कारखान्यातले लोक काही ना काही निमित्त काढून यायचे. साहेबांनी शेवटचं कार्ड वाचेपर्यंत स्टूल सोडलं नाही.

ते झालं आणि साहेब खरेसाहेबांकडे गेले. मीही बरोबर होतो.

"डिस्कचे दोन भाग करू या साहेब. एका भागात मशीनचा प्रोग्राम, दुसऱ्यात माणसांची कामं. उद्या प्रोग्राम बिघडला तर तेवढाच भाग पुसायचा. माणसं आपापल्या जागी सुखरूप."

"चालतंय ना आता? मग चालू दे की."

"साहेब, आपल्या पत्रे दाबायच्या प्रेस शॉपचं छप्पर दुरुस्त करायचं झालं तर कामगारांची कपाटं जाळायची का?"

खरेसाहेबांना प्रेस शॉप कळायचं. ते म्हणाले, "गुरुवारी करा. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला चालू पाहिजे. नाही झालं तर मला तोंड दाखवू नका."

गुरुवारी आमच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याला साप्ताहिक सुट्टी. कंपनीत पहारेकरी आणि आम्ही दोघंच. त्याआधी आठवडाभर साहेब प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन सांगत होते, "गुरुवारी तुमचं बिऱ्हाड हलवतोय. काळजी करू नका. सामान होतं तसं लागेल." बिलं करणाऱ्या एका गृहस्थांना वाटलं त्यांची बदली झाली. ते घरी सांगून मोकळे झाले.

सकाळी साहेबांनी सगळ्यांची कामं टेपवर घेतली. मग पुन्हा दुसऱ्या टेपवर घेतली. दोन्ही टेप वाचून मूळ कामांशी ताडून पाहिल्या. मी कंटाळून म्हटलं, "आता पुसू या की."

"थांबा. माणूस घर सोडताना एकदा मागे वळून बघतो."

अखेर डिस्क पुसली, तिचे दोन भाग केले, पहिल्यात प्रोग्राम भरला, दुसऱ्यात एकेकाची कामं उतरवली आणि आता माणसं कुठे राहतात ते मशीनला सांगितलं. दुपारी पहारेकऱ्याने आणलेला चहा साहेबांनी दाराबाहेर उभं राहून घेतला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मोरेबाईंनी आपलं काम उघडलं. वाचता आलं. एक आकडा बदलायला गेल्या तर मशीन म्हणे, तुम्हाला परवानगी नाही.

"अहो साहेब, माझ्याच घरात मला हात लावू देईना!"

साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. सामान उतरवण्याचं काम त्यांनी स्वतःच्या नावाने केलं होतं. मशीनने सरळ नोंद केली होती, की या सगळ्या जागांचे मालक एकटे रणपिसे. सगळ्यांची बिऱ्हाडं त्यांच्या नावावर झाली होती!

"साहेब, एका रात्रीत जमीनदार झालात की," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. स्वतः बसून त्यांनी एकेक बिऱ्हाड ज्याचं त्याच्या नावावर परत केलं. मग प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "चूक झाली. आता तुमचं तुमच्या नावावर आहे. एकदा बघून घ्या." मोरेबाईंनाच शेवटी लाज वाटली. "अहो, राहू द्या साहेब, एवढं काय त्यात," त्या म्हणाल्या. साहेबांनी मात्र त्यांच्याकडून आकडा बदलून घेतला तेव्हाच ते हलले.

पुढे उन्हाळ्यात मशीन पुन्हा बसलं. तोच इंजिनिअर आला, त्याने तेच निदान केलं. या वेळी फक्त प्रोग्रामचा भाग पुसला. जेवणाच्या सुट्टीनंतर जो तो आपापल्या जागी कामाला लागला, कुणाचा एक आकडा हलला नव्हता. मोरेबाईंनी पिंपरी बाजारातून पेढे मागवले. खरेसाहेबांनी दोन घेतले आणि "आयडिया चांगली होती आपली," असं म्हणाले.

रणपिसेसाहेबांनी आपला पेढा कागदात बांधून घेतला आणि मला विचारलं, "बिराजदार, संध्याकाळी मोकळे आहात? निगडीला एक फळी ठोकायची आहे. धरायला माणूस लागतो."

साहेब चिंचवडला स्टेशनजवळ एका चाळीत एकटेच राहायचे, एका खोलीत. बायको वारली होती, एवढंच आम्हाला ठाऊक. निगडीला त्यांचं कोण, ते कळेना. गेलो. प्राधिकरणाच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं छान घर. दारावर पाटी, 'सोपान कांबळे'. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि आत हाक मारली, "अवं, जावाई आल्याती!"

साहेबांचे सासू-सासरे. आबा आणि आई. साहेबांनी 'जय भीम' केला, पेढा आईंच्या हातावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसले. चहा आला, तो पाहुण्यासारखाच आला, बशीसकट, बिस्किटांसकट. कमरेच्या उंचीवर फळी ठोकून झाल्यावर आई त्यांना मोरी तुंबलेली दाखवायला आत घेऊन गेल्या.

"तुम्ही इथे कधीपासून राहता आबा?" मी सहज विचारलं.

"रिटायर झालो, कंपनीची खोली सोडली, तवापासनं. मालक बंगलोरला असतो म्हनं. कधी येत न्हाई, कधी काय मागत न्हाई. जावायाच्या वळखीचा हाय."

आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"बंगलोरचा मालक! शेजाऱ्यानं पयल्याच आठवड्यात सांगितलं मला. घर ह्येचंच हाय. माज्या सुमनसाठी घेतलं हुतं. ती गेली. आमी लेकीच्या दारात ऱ्हायला तयार न्हवतो, ते ह्येला ठावं हुतं. म्हनून सोता चाळीत गेला."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो तर आमाला हितनं निघावं लागंल. आनि निघालो तर त्येनं यायचं कुनाकडं?" म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "हिला बी ठावं हाय. ती बी बोलत न्हाई."

साहेब हात पुसत बाहेर आले. आई मागून म्हणाल्या, "येत जावा अधनंमधनं."

आम्ही बसस्टँडकडे चालू लागलो. ऊन उतरलं होतं.

"मागच्या खिडकीला गज नाहीत," साहेब म्हणाले. "मालकाला कळवायला पाहिजे."

"कळवा की," मी म्हटलं. "माणूस चांगला दिसतोय."

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला.

"बरा आहे," ते म्हणाले. "जरा विसराळू आहे. आईंना संधिवात आहे, उंचावरचं काढता येत नाही, हे त्याला घर घेताना सुचायला हवं होतं."