साखरपुड्याच्या कोल्ड्रिंकची जाहीर चाचणी

माणसाची जीभ त्याच्या तोंडात असली, तरी कारभाराच्या दृष्टीनं ती त्याच्या तालुक्याच्या हद्दीत मोडते. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला एक गोडी पटते, पावसाच्या भरवशावर वाढलेल्या जिभेला दुसरी. शास्त्रानं हे अजून मान्य केलेलं नाही. पण शास्त्राला लेकीबाळींची लग्नं जमवायची नसतात, त्यामुळं त्याला घाई नाही.

आमचं उंबरटाकळी पाटाच्या पाण्यावरचं गाव. नगरहून येणारी एसटी फाट्यावर सोडते, आणि तिथून गावापर्यंत दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. वारा सुटला की पात्याला पातं घासतं आणि सगळं शिवार कुजबुजायला लागतं, जणू वरातीच्या मागं राहिलेल्या बायका. या गावात गोड न खाणारा माणूस नाही. (डॉक्टरांनी गोड बंद केलेली माणसं पुष्कळ आहेत, पण ती खात नाहीत असं कुणी म्हटलेलं नाही.) चहात साखर किती घालू, असं इथं विचारत नाहीत. विचारलं तर पाहुणा चप्पल शोधायला लागतो.

अशा गावानं वर्षानुवर्षं कोल्ड्रिंक प्यायलं, पण त्यात गोड काय असतं, हा विचार कुणाला शिवला नव्हता. तो थेट अमेरिकेहून आला. सुमंत गुरुजी हे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा अर्णव टेक्सासला असतो. त्यानं गेल्या उन्हाळ्यात गुरुजींच्या मोबाईलवर तिथल्या एका दुकानाचा फोटो पाठवला. तिकडं म्हणे कोल्ड्रिंक मक्याच्या पाकानं गोड करतात. उसाच्या साखरेचं पाहिजे असेल तर ते वेगळ्या कपाटात, काचेच्या बाटलीत आणि चढ्या भावात मिळतं, आणि बाटलीवर 'अस्सल उसाची साखर' असं मिरवून छापलेलं असतं.

गुरुजींनी हे देवळासमोर उभं राहून वाचून दाखवलं. इतकी वर्षं आपण चैन करत होतो आणि कुणी एका शब्दानं सांगितलं नाही, हे दुःख लहान नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार, त्याच फ्रीजमधून, तीच बाटली देत होता. पण चव पुष्कळ सुधारली होती. ग्रामसभेनं या सुधारणेची नोंद घेतली. 'उसाच्या गोडीबाबत गावाची भूमिका' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. (भूमिका काय, हे पुढच्या सभेत ठरणार होतं.) साखर कारखान्यानंही संधी ओळखून लिंबाच्या चवीचं स्वतःचं कोल्ड्रिंक काढलं आणि त्याला 'इक्षुमती' असं नाव दिलं. नाव उच्चारता येईपर्यंत तहान वाढत असल्यामुळं खप चांगला होता.

ठरावाचे सूचक होते कारभारी आबा. आबा कारखान्याचे माजी संचालक. त्यांची धाकटी लेक ज्ञानेश्वरी राहुरीला शेतकीच्या कॉलेजात शिकत असताना तिचं आणि पाथर्डीकडच्या ओमचं मन जुळलं होतं. दोन्ही घरांनी एकमेकांची चौकशी केली, नावं ठेवायला काही सापडलं नाही, आणि मोठ्या नाइलाजानं होकार दिला. साखरपुडा आबांच्या दारात ठरला. मांडव पडला. आबांच्या मंडळींनी, म्हणजे बनुबाईंनी, पाहुण्यांसाठी बर्फाच्या लादीवर 'इक्षुमती'च्या बाटल्या निजवल्या. आता काही राहिलं नव्हतं.

तेवढ्यात वरपक्षाचा टेम्पो आला.

ओम नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या कोल्ड्रिंकच्या कारखान्यात नोकरीला होता. आपल्या साखरपुड्याला आपल्या हातचं काहीतरी असावं, म्हणून पोरानं रात्रपाळीत खपून स्वतः जुळवलेलं लिंबाचं कोल्ड्रिंक टेम्पो भरून आणलं होतं. नाव 'कणीस कूल'. आबा कौतुकानं टेम्पोजवळ गेले, चष्मा चढवला आणि बाटलीवरची ओळ वाचली : मक्याच्या पाकाची नैसर्गिक गोडी.

"हे उतरवू नका," आबा म्हणाले.

"मामा, एकदा चव तर बघा," ओम म्हणाला.

"मामा म्हनायचं अजून ठरायचंय. उसाच्या गावात मक्याचं थंड वाटलं तर मला कारखान्यावर तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई. माझ्या मांडवात आमचंच थंड वाटलं जाईल. न्हाईतर पुडा फुटायचा न्हाई."

ओमची आई आक्काबाई टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्यांनी उतरायला खाली टाकलेला पाय वर घेतला.

"मग आमी बी उतरत न्हाई. आमच्याकडं पाट न्हाई, आबासाहेब. आमच्या रानात जे उगवलं त्याच्यावर हे पोरगं शिकलं. त्यानं आनलेलं चालत न्हाई, तर त्यो तरी कसा चालंल?"

आणि त्यांनी टेम्पोचं दार आतून लावून घेतलं.

ज्ञानेश्वरी नव्या साडीत आतल्या दारात उभी होती. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या घटकेला एका बंद टेम्पोत आणि एका बर्फाच्या लादीवर वाटलं गेलं होतं. स्वयंपाकघरातून बायकांनी, वेळ जावा म्हणून, ओवी धरली :

'उसाला पानी दिलं, पाटाच्या कडंनं
लेक माझी चालली, मक्याच्या वाटंनं'

दुसऱ्या ओळीला आबांनी हरकत घेतली. ओवी कामकाजातून वगळण्यात आली.

अशा वेळी समाजाला निःपक्षपाती माणसाची गरज भासते. निःपक्षपाती म्हणजे ज्याच्याकडं ऊसही नाही, मकाही नाही. सुमंत गुरुजींकडं अंगणात फक्त तुळस होती. त्यांची एकमतानं निवड झाली आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या कार्यपद्धती जाहीर केली. दोन्हीकडचे सहा सहा परीक्षक. प्रत्येकापुढं दोन ग्लास, एकाला बाहेरून हळदीचं बोट, दुसऱ्याला कुंकवाचं. कशात काय आहे हे फक्त भरणाऱ्याला माहीत. भरणारी ज्ञानेश्वरी, कारण तिला दोन्ही घरं सारखीच. (या तर्काला दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. ज्ञानेश्वरीनं डोलावली नाही.) परीक्षेच्या वेळी कुणी बोलायचं नाही. आणि शेजारच्याचं बघून मत देण्याची खोड पूर्वापार असल्यामुळं, बसायची रांग एक आमचा, एक त्यांचा, एक आमचा, एक त्यांचा अशी लावायची. 'कणीस कूल'च्या चार बाटल्या नमुना म्हणून उतरवायला आबांनी लेखी हरकत नोंदवून तोंडी परवानगी दिली. आक्काबाईही परीक्षक म्हणून, परीक्षेपुरत्याच, खाली उतरल्या. त्यांची जागा आबांच्या शेजारी आली.

माझ्या मते ही जिल्ह्यातली आजवरची सर्वांत शास्त्रशुद्ध चाचणी होती. तिच्यात दोष असा एकच राहिला, आणि तो गुरुजींचा नव्हता. तो आपल्या संस्कारांचा होता.

आमच्याकडं पाहुण्याशेजारी बसून भरला ग्लास एकट्यानं पिणं हे उद्धटपणाचं लक्षण मानतात. थंड हातात आलं की आधी म्हणायचं, एवढं नको. मग आपल्यातलं अर्धं शेजाऱ्याच्या ग्लासात ओतायचं. शेजाऱ्यानं नको नको करत हात आडवा धरायचा, पण ग्लास मागं घ्यायचा नाही. नंतर त्यानं परतफेड करायची. हे सगळं आपोआप होतं, जसं ठसका लागला की पाठीवर हात जातो.

गुरुजींनी 'सुरू करा' म्हटलं. आमचे गहिनीनाथ तात्या पहिले. त्यांनी हळदीचा ग्लास उचलला, शेजारच्या पाथर्डीकर पाहुण्याकडं पाहिलं, आणि निम्मा त्याच्या ग्लासात रिकामा केला. जवळ होता तो त्याचा कुंकवाचा ग्लास. पाहुणा संकोचला. त्यानं आपल्यातलं थोडं तात्यांना दिलं, उरलेलं पलीकडच्या आमच्या माणसाला. मग रांगेत लाट गेली. वरपक्षानं वधूपक्षाला ओतलं, वधूपक्षानं वरपक्षाला दुप्पट ओतलं, कारण मांडव आपला. आक्काबाईंनी आबांना अर्धा ग्लास दिला. आबांनी उजवा हात छातीवर ठेवून तो स्वीकारला आणि डाव्या हातानं आपल्यातला त्यांना दिला. बोलायचं नाही हा नियम प्रत्येकानं कसोशीनं पाळला. ओतायचं नाही, असा नियम गुरुजींनी केलेलाच नव्हता.

ओताओत थांबली तेव्हा चोवीस ग्लासांत एकच पेय होतं. मग सर्वांनी डोळे मिटून ते चाखलं.

मतं गुरुजींच्या कानात द्यायची होती. निकाल असा लागला :

स्वतःचं पेय सरस वाटलेले परीक्षक : बारापैकी बारा.

समोरच्याचं पेय मागून कडवट लागलेले : अकरा.

घशाला चिकटलं अशी तक्रार असलेले : सात. (पैकी चार जणांना उसाचं चिकटलं, तिघांना मक्याचं.)

गोड वर्ज्य असल्यामुळं वासावरून मत दिलेले : एक. (दोन्ही ग्लास रिकामे.)

सांगता येत नाही, असं म्हणणारे : कुणी नाही.

"पण हळदीचा चांगला का कुंकवाचा, ते तर सांगा," गुरुजी गहिनीनाथ तात्यांना म्हणाले.

"जो आमचा आसंल त्यो," तात्या म्हणाले.

ही मतं वैध धरण्यात आली. सहाला सहा. कोंडी होती तशीच राहिली. तेव्हा आबा उठले आणि त्यांनी आपला हळदीचा ग्लास मांडवाला दाखवला. "ह्यो ऊस," ते म्हणाले. "ह्याच्यात मला पाटाच्या पान्याची चव लागती. डोळे बांधून दिलं तरी वळखीन."

आक्काबाईंनीही आपला हळदीचाच ग्लास उचलला. "ह्यो मका. माझ्या रानातला. माझ्या पोराचा हात हाय ह्याला."

दोघंही मनापासून बोलल्यासारखी वाटत होती, त्यामुळं कुणाला हसता येईना. आक्काबाईंनी ग्लास खाली ठेवला, पदर खांद्यावरून घेतला आणि त्या टेम्पोकडं चालू लागल्या. ओम त्यांच्यामागं निघाला. चार पावलं जाऊन त्यानं एकदा मागं बघितलं. ते बघणं आबांकडं नव्हतं.

सगळ्यांनी ज्ञानेश्वरीकडं पाहिलं, कारण खरं काय ते तिलाच ठाऊक. ती आबांच्या जवळ गेली आणि त्यांच्यापुरतं बोलली. मी मागंच उभा होतो म्हणून ऐकू आलं.

"आबा, हळदीच्या ग्लासात मी काय भरलं ते मला म्हाईत हाय. आता त्यात काय हाय, ते मला बी म्हाईत न्हाई."

"म्हंजे?"

"आक्कांनी तुमाला त्यांच्यातलं दिलं. तुमी तुमचं त्यांना दिलं. सगळ्या रांगेनं तेच केलं."

आबांनी ग्लासात पाहिलं.

"आगं, पाव्हन्यानं पुढं केलेलं नको कसं म्हनायचं?"

"तेच म्हनते मी, आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

संचालक मंडळात घालवलेल्या वर्षांत आबांनी पुष्कळ अवघड विषय पुढच्या सभेवर टाकले होते. हा टाकता येण्यासारखा नव्हता. मग ते टेम्पोपाशी गेले, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "उतरा विहीनबाई. माल बी उतरवा."

"निकाल काय लागला म्हणून लिहू?" गुरुजींनी विचारलं.

"लागला म्हना."

"पण काय लागला?"

"गुरुजी, लागला. आता बसा."

पुडा फुटला. बनुबाईंनी आक्काबाईंच्या तोंडात साखर घातली, तेव्हा आक्काबाई हळूच म्हणाल्या, "वताय लागले तवाच मला कळलं हुतं. पर आबासाहेबांनी येवढ्या मानानं दिलेलं, मी न्हाई कसं म्हनू? मग त्यांनी ऊस म्हनल्यावर मलाबी मकाच म्हनावं लागलं." बनुबाई म्हणाल्या, "त्यांच्या हातचं मलाबी नको म्हनता आलं न्हाई कधी. म्हनून तर हितं हाय." आणि बर्फाच्या लादीवर जागा करायला त्या उठल्या. तोवर मांडवात ओमनं 'मामा' म्हटल्याचं ऐकू आलं, आणि आबांनी 'हां' म्हटल्याचंही.

बनुबाईंनी दोन्हीकडच्या बाटल्या शेजारी शेजारी निजवल्या. लिंबाचा रंग सारखाच, ग्लासही तेच. वाढप्यांना फरक करता येईना, म्हणून त्यांनी केला नाही. आमच्या गावानं ग्लास उचलला आणि उसाची गोडी वेगळीच, असं म्हटलं. पाथर्डीच्या पाहुण्यांनी ग्लास उचलला आणि मक्याला तोड नाही, असं म्हटलं. मग दोघांनी एकमेकांना अर्धं अर्धं दिलं.

गुरुजींनी चाचणीची हकिगत अर्णवला कळवली. तिकडून उत्तर आलं की अशी चाचणी तिथंही घ्यायला हवी, पण तिथं कुणी कुणाला आपल्यातलं देत नाही, त्यामुळं इतका स्पष्ट निकाल मिळणं कठीण आहे.

आता तुमच्याबद्दल. इथवर वाचताना तुम्हाला एकसारखं वाटत आलंय की या मंडळींच्या जागी आपण असतो तर पहिल्या घोटाला ओळखलं असतं. तसं वाटणारे तुम्ही तेरावे. ही चाचणी गावानं कायम सुरू ठेवली आहे, तेव्हा जरूर या. ग्लास तयार आहेत. फक्त येण्याआधी आपण कोणत्या बाजूचे ते फोन करून कळवा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत तुमचा निकाल लिहून ठेवता येईल.