मागच्या चाकांची भानगड

रविवारी सकाळी तुळशीदासने अंगणात गोणपाट अंथरलं, पाने आणि पक्कड ओळीने मांडली, आणि गाडीचे ब्रेक आपण घरीच दुरुस्त करणार असल्याचं सांगून टाकलं. त्याला कोणी अडवलं नाही, कारण दुसरा इलाजच नव्हता. मोखाड्यातला त्याचा नेहमीचा मेकॅनिक भावाच्या लग्नाला गावी गेला होता आणि सोमवारी सकाळी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन जव्हारला ठरलेलं होतं.

हिराबाईंचं ते ऑपरेशन याआधी दोनदा ठरून दोनदा मोडलं होतं. डॉक्टरला त्या भीत नव्हत्या. भीती होती ती माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपची. जीपमध्ये काय नि एसटीत काय, बसलं की दुसऱ्याच वळणाला त्यांच्या पोटातलं वर यायचं. तिसऱ्यांदा त्या तयार झाल्या त्या एकाच बोलीवर, की जावई त्यांना आपल्या गाडीतून सावकाश नेईल.

म्हणून शनिवारी तुळशीदास सासू-सासऱ्यांना आणायला सूर्यमाळला गेला. येताना उतारावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला तर पायडल खोल खालीच गेलं. वीस वर्षांची जुनी गाडी, कुरकुर तर महिनाभर चालूच होती. बाकीचा रस्ता त्याने दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, घामाघूम होत काढला. मागे बसलेल्या हिराबाईंना धूसर दिसत असल्यामुळे त्याचा चेहरा काही दिसला नाही. उतरल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं की जावई फार जपून गाडी चालवतो. हे ऐकल्यावर तुळशीदासला माघार घेणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी एसटीने जव्हारला जाऊन त्याने पुढच्या चाकांचे पॅड आणि मागच्या चाकांचे लायनर आणले.

पुढची चाकं त्याला सोपी गेली. पुढे डिस्क ब्रेक होते. चाक काढायचं, दोन बोल्ट सोडायचे, जुने पॅड काढून नवे सरकवायचे. मोबाइलवरच्या व्हिडिओत माणूस सांगत होता तसंच सगळं होत गेलं. दहा वाजता चहा घेताना तो बायकोला म्हणाला, "गौरा, उगाच लोक गॅरेजला जातात." गौरा पोशेऱ्याच्या शाळेत मास्तरीण होती आणि पहिल्याच गणितावर शाबासकी द्यायची नाही हे तिला ठाऊक होतं. ती हसून आत गेली.

ओट्यावर सासरे बसले होते. देवराममामा सत्तरीचे. सूर्यमाळला नाचणी-वरई पिकवायची आणि उरलेल्या वेळात बांबूच्या टोपल्या विणायच्या, एवढंच त्यांनी जन्मभर केलेलं. बोलणं मोजकं. गाडीच्या बाबतीत त्यांना काही विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मागच्या चाकांना ड्रम होते. ड्रम म्हणजे चाकामागचं लोखंडी पातेलं, आणि लायनर त्याच्या पोटात. ते पातेलं काही केल्या निघेना. तुळशीदासने आधी हाताने ओढलं, मग लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोकलं. अर्धा तास साऱ्या आळीला ठोके ऐकू जात होते. शेजारच्या रामीकाकू कुंपणापाशी येऊन बघून गेल्या. घरात हिराबाईंनी लेकीला विचारलं की गाडी दुरुस्त चाललीय की मोडायची चाललीय. शेवटी गौरा बाहेर आली.

"अहो, हँडब्रेक ओढलेला आहे का?"

तो ओढलेलाच होता. म्हणजे आतून गाडीनेच ड्रम घट्ट धरून ठेवला होता आणि बाहेरून हा ठोकत होता. तुळशीदास गाडीत वाकला आणि त्याने हँडब्रेक सोडला. अंगण थोडं उतरतं होतं. गाडी जॅकवर करकरली, बोटभर पुढे सरकली आणि थांबली. खाली बघितलं तर पुढच्या दोन्ही चाकांना नीट बेतून दगड लावलेले.

"हे कोणी लावले?"

मामा ओट्यावरून म्हणाले, "उतार हाय ना."

ड्रम निघाला. आत दोन लायनर आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या लहानमोठ्या स्प्रिंगा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे अडलं तर दुसरी बघता येते, असं व्हिडिओतला माणूस पुढे सांगणार होता. पण तेवढ्यात नेटवर्क गेलं. तुळशीदासने वेळ वाचवायला दोन्ही बाजू खोलल्या. एक स्प्रिंग पक्कडीतून सुटून रामीकाकूंच्या कोंबड्यांमध्ये पडली आणि काकूंनी ती परत आणून दिली. मग त्याने दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा, पट्ट्या, खिळे एकाच घमेल्यात टाकले आणि साबणाच्या पाण्याने लख्ख धुऊन काढले.

सामान चकचकीत झालं खरं. पण कुठलं डावीकडचं, कुठलं उजवीकडचं, कोण वर आणि कोण खाली, काही कळेना. नेटवर्क आलं तेव्हा दिसलं की व्हिडिओतली गाडीच वेगळी आहे. त्याने एक बाजू तीनदा बसवली. तिन्ही वेळा एक पट्टी उरली.

दुपारचे तीन वाजले. हिराबाई भिंतीला धरून दारात आल्या. अंगणात त्यांना फक्त पांढरा डाग दिसत होता, ती गाडी.

"नाय होत तं राहू दे बाबा," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "मी तोंडाला पदर लावून सकाळच्या एसटीने सूर्यमाळला जाते. दिसताय तेवढा पुरं हाय मना."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुळशीदासला वाटलं. तो घमेल्यासमोर मान खाली घालून बसला.

तेव्हा देवराममामा ओट्यावरून उतरले, गोणपाटावर मांडी घालून बसले आणि त्यांनी घमेलं आपल्याकडे ओढलं. एकेक तुकडा उचलून त्यांनी दोन ढीग केले.

"हा डाव्या अंगाचा. हा उजव्या. बैलांसारखा हाय, डाव्याचा उजव्याला चालत नाय."

"मामा, तुम्हाला कसं माहीत?"

"तुमी काढीत होता तवा बघत होतो."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

मामांनी जरा विचार केला. "मना कोणी इचारला नाय."

सकाळपासून निघालेला एकूणएक तुकडा त्यांच्या डोळ्यांत बसला होता. आधी काय सुटलं, कुठला आकडा कुठल्या भोकात होता, पट्टीचं वाकडं तोंड कुणीकडे होतं. टोपली उसवून तीच पुन्हा विणावी तसे ते एकामागून एक तुकडे जागेवर ठेवत गेले. वरची मोठी स्प्रिंग तुळशीदासच्या पक्कडीला दाद देत नव्हती. मामांनी आपल्या पिशवीतली सुतळी काढली, स्प्रिंगच्या आकड्यात अडकवली, पाय टेकवून ताणली आणि आकडा अलगद भोकात बसवला. सुतळी ओढून घेतली, घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली. अकरा वर्षं तुळशीदास या माणसाचा जावई होता आणि त्यांच्याशी पाऊसपाण्यापलीकडे कधी बोलला नव्हता.

पाच वाजता चाकं चढली. तुळशीदासने ब्रेक दाबला तर पायडल थेट तळाला. गौरा म्हणाली, पुन्हा दाबा, नवे पॅड बसायला वेळ लागतो असं पॅडच्या खोक्यावर लिहिलंय. पाचव्या दाबाला पायडल वर आलं आणि घट्ट झालं.

आता घाटात उतरून बघायला हवं होतं. शेजारी कोण बसणार हे ठरायच्या आत मामा दार उघडून बसलेही होते. "मी बसवलाय, मीच बसतो," ते म्हणाले. पट्टा बांधायला मात्र तयार होईनात. गावाबाहेरच्या रिकाम्या उतारावर गाडी हळूच सोडून तुळशीदासने ब्रेकवर पाय ठेवला. महिनाभर जितका जोर लावायची सवय झाली होती तितकाच लावला. गाडी जागच्या जागी खिळली आणि मामांचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं.

"मामा, लागलं का?"

मामा कपाळ चोळत म्हणाले, "लागला. चांगला लागला."

ते ब्रेकबद्दल बोलत होते.

सोमवारी हिराबाईंना पुढच्या सीटवर बसवून गाडी जव्हारला सुखरूप पोचली. वाटेत त्यांना मळमळलंही नाही. ऑपरेशन झालं आणि मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. हिराबाईंनी आधी खिडकीकडे बघितलं, मग लेकीकडे बघून तू वाळलीस म्हणाल्या. मग त्यांची नजर नवऱ्याच्या कपाळावरच्या निळ्या टेंगळावर थांबली.

"हा काय झाला?"

तुळशीदासने घसा खाकरला. हँडब्रेक, घमेलं, सुतळी, सगळं सांगून टाकायचं आणि मामांचं श्रेय मामांना द्यायचं, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. पण मामा आधी बोलले.

"जावयाने गाडीचा ब्रेक केला. लय भारी केलाय."

त्या दिवशी अंगणात नुसती चाकंच जागेवर बसली नव्हती, असं तुळशीदासला वाटून गेलं. हिराबाई नव्या डोळ्याने आधी टेंगळाकडे आणि मग बराच वेळ जावयाकडे बघत राहिल्या.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "मग जाताना मी मागं बसते."