पुसू नका, टिपा!

आमच्या शेजारच्या पाटणकरांकडे पोहे मिळतात, पण त्यावर पिळायला लिंबू मिळत नाही. बाजारातून येताना कुणी त्यांच्याकडे डोकावलं, तर ते दारातच पिशवी तपासतात आणि लिंबं पायरीवर काढून ठेवतात. कारण हॉलमध्ये पांढरा संगमरवर आहे. "एक थेंब पडला तरी चमक जाते, वहिनी. मग कितीही घासा!"

भोपाळच्या या अवधपुरीत आम्ही बहुतेक कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या घरचे. पाटणकर तिथे माल तपासायचे. आता तपासायला फरशी उरली आहे. ती त्यांच्या मुलाने हौसेने बसवली आणि शेरू कुत्रा तिच्यावर मुतू लागला. माझ्या घरात असतं तर कुत्रा कधीच बाहेर गेला असता.

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. "शेरू! फिर किया? शरम नहीं आती?" बायकोशी मराठी, कुत्र्याशी हिंदी. का, असं विचारलं तर म्हणतात, "तो भोपाळचा आहे. त्याला मराठी कशी कळणार?"

मग ते गुडघ्यांवर बसतात. एकदा मी मदतीला म्हणून फडकं फिरवलं, तर ओरडलेच. "पुसू नका, टिपा! पुसलं की पसरतं. दगड पितो, वहिनी, दगड पितो!" जुन्या बनियनच्या बोळ्याने टिपायचं, साधं पाणी घालायचं, पुन्हा टिपायचं. तरी डाग राहिला तर खाण्याच्या सोड्याचा लगदा थापून वर प्लास्टिक चिकटवायचं. सोडा डाग ओढून घेतो म्हणे. मी म्हटलं, "संडासातलं ॲसिड टाका, एका मिनिटात निघेल." कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परवा मुलगा बंगलोरहून आला. वासाने वैतागला.

"पापा, अब बस. दूधवाल्याशी बोललोय मी. उद्या तो शेरूला गावी घेऊन जाईल."

"कुत्रा जाणार नाही."

"मग घरात ही घाण अशीच ठेवणार?"

"हो."

मुलाने भिंतीवरून मला हाक मारली. "काकू, या जरा. तुम्हीच समजवा यांना."

मी गेले. पाटणकर खाली बसून टिपत होते. त्यांच्या पत्नी मालतीबाई सोफ्यावर होत्या, मान खाली घालून. ओल दाराशी नव्हती, टेबलाच्या पायाशी नव्हती. मालतीबाईंच्या पावलांपाशी होती, आणि त्या पाय साडीत ओढून घेत होत्या. शेरू तर सकाळपासून माझ्या अंगणात, वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी झोपला होता.

माझंही वय झालंय. मला कुणी सांगावं लागलं नाही.

"काकू, बोला ना," मुलगा म्हणाला.

"कुत्रा म्हातारा झालाय," मी म्हटलं. "म्हातारपणी होतं असं. त्यासाठी कुणी घराबाहेर काढत नाही."

पाटणकरांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. मुलगा जरा घुटमळला, मग फोन घेऊन दूधवाल्याला नको म्हणून सांगायला बाहेर गेला.

तो गेल्यावरही मालतीबाई उठेनात. पाटणकर उठले, खुंटीवरची आपली शाल काढली, मालतीबाईंना उभं केलं आणि ती मागून त्यांच्या कमरेभोवती नीट गुंडाळली.

"थंडी वाजते तिला," ते मला म्हणाले, आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

वैशाखातलं ऊन होतं. मी म्हटलं, "हो, गारठा आहे खरा."