चौदा नंबर निरंक

या खेपेला घर आपण निवडायचं, असं रजिस्टररावांनी ठरवलं तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण असताना माणसानं मोठे निर्णय घेऊ नयेत. पण त्याच वेळी मेहुण्याचा फोन आला, त्याला ते तरी काय करणार!

झालं होतं असं, की घरमालकाला जागा परत हवी होती आणि दोन महिन्यांची मुदत मिळाली होती. ही बातमी बायकोनं रात्री भावाला सांगितली आणि सकाळी भावाचं काम तयार. "नऊ नंबरच्या स्टेशनाजवळ फ्लॅट बघून ठेवलाय. तुम्ही फक्त सामान बांधा."

हा मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. बावीस वर्षं रजिस्टररावांच्या संसारातल्या सगळ्या वस्तू त्यानंच निवडल्या होत्या. लग्नातला सूट त्यानं निवडला (बाह्या लांब होत्या), फ्रिज त्यानं निवडला, मुलीचं कॉलेजही त्यानंच. एकदा तर चष्म्याची फ्रेमसुद्धा. त्या फ्रेममध्ये रजिस्टरराव घुबडासारखे दिसत, पण "शोभते" असं मेहुण्याचं मत पडलं आणि मग ती सहा वर्षं शोभत राहिली. आता राहायची जागाही त्यानंच निवडली, तर या घरात आपण नेमके कोण, हा प्रश्न रजिस्टररावांना आरशात स्पष्ट दिसला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांना राग येई.

"घर मी निवडणार," ते फोनवर म्हणाले. मेहुणा हसला. तिथंच ठिणगी पडली.

रजिस्टरराव शहराच्या भुयारी मेट्रोत हरवले-सापडले खात्यात हेडक्लार्क होते. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ऑफिसात सगळे रजिस्टररावच म्हणत. (आदरानं म्हणतात, असा त्यांचा समज होता.) एकोणीस स्टेशनं आणि नऊ वर्षांची रजिस्टरं त्यांच्या कपाटात होती. माणूस काय कमावतो यावरून त्याची पारख होत नाही, काय विसरतो यावरून होते, हा त्यांचा सिद्धांत. तेव्हा वस्ती निवडायची तर दलालाकडे कशाला जायचं? त्यांनी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत रजिस्टरं चाळली.

तीन नंबरवर लोक कवळ्या विसरत होते. सहा नंबरवर एकेकच बूट सापडत होता, म्हणजे उरलेला एक घालून माणूस घरी जात होता. अशांच्या शेजारी राहायचं? अकरा नंबरवर एकच व्हायोलिन चार वेळा सापडलं होतं. ते वाजवणारा विसरत नसावा, शेजारीच आणून ठेवत असावेत. आणि मेहुण्याच्या लाडक्या नऊ नंबरवर लोक महागड्या छत्र्या विसरून ढुंकूनही बघत नव्हते. जे छत्रीला विचारत नाहीत ते शेजाऱ्याला काय विचारणार!

चौदा नंबरच्या रकान्यात मात्र नऊ वर्षं एकच शब्द होता: निरंक. एक रुमालसुद्धा हरवलेला नाही. रजिस्टररावांना भरून आलं. अशी नीटनेटकी, शुद्धीवर असलेली माणसं या शहरात आहेत आणि आपल्याला पत्ता नाही!

"चौदा?" मेहुणा त्याच रविवारी येऊन धडकला. "जावईबापू, निरंकचा अर्थ दोनच. एक तर तिथं कुत्रंसुद्धा उतरत नाही, नाहीतर..."

"रोज अकरा हजार माणसं उतरतात. आकडे आहेत माझ्याकडे."

"मग दुसरा अर्थ. जे हरवतं ते उचलणाराच घरी नेतो. चोरांची वस्ती आहे ती!"

"दादा, चौदा नंबरच्या लोकांबद्दल जपून बोला!" रजिस्टरराव उभे राहिले. (चौदा नंबरचा एकही माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता.) "आपली पैज. सहा महिने. त्या वस्तीत माझी एक वस्तू हरवली आणि मिळाली नाही, तर मुकाट्यानं नऊ नंबरला येईन आणि पुन्हा या घरात 'मला वाटतं' हे शब्द उच्चारणार नाही."

"लिहून द्या," आतून बायकोचा आवाज आला. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती. नवऱ्याच्या अंगात काय आहे ते तिला सुई न टोचताही कळे.

रजिस्टररावांनी लिहून दिलं. सवयीप्रमाणे तीन प्रतींत.

चौदा नंबरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खालून दर चार मिनिटांनी मेट्रो जाई आणि मांडणीतल्या कपबश्या किणकिणत. "घड्याळाची गरज नाही," रजिस्टरराव म्हणाले. गल्ल्या वाकड्यातिकड्या होत्या आणि सगळ्या घरांचे दरवाजे एकाच हिरव्या रंगाचे होते. "शिस्त आहे," ते म्हणाले. नळाला पाणी बारीक होतं. "काटकसर आहे." बायको काही बोलली नाही, आणि बावीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी इथंच घाबरायला हवं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते स्टेशनवर उतरले. बुटाची नाडी सुटली होती. बाकावर बॅग ठेवून त्यांनी नाडी बांधली, आजूबाजूच्या सावध नागरिकांकडे कौतुकानं पाहिलं, आणि घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बॅग बाकावरच आहे. धावत गेले. बाक होता, बॅग नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते सकाळपासून स्टेशनांच्या नोंदींवर डोळे लावून बसले. तीन नंबर: कवळी, एक. सहा नंबर: बूट, एक. चौदा नंबर: निरंक. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्यांना चावला. बरं, स्वतः तक्रार करावी, तर नऊ वर्षांचा विक्रम त्यांच्याच हातानं मोडणार आणि मेहुणा जिंकणार. त्यांनी तोंड शिवून घेतलं.

"बॅग कुठंय?" बायकोनं विचारलं.

"चेन बिघडलीय. दुरुस्तीला दिली."

पुढच्या आठवड्यात छत्री गेली. बॅगेच्या काळजीत ती जिन्याच्या कठड्याला लटकावून ते वर निघून आले होते. "छत्री ऑफिसात आहे," ते म्हणाले. मग छत्रीच्या काळजीत जेवणाचा डबा गेला. "डबापण ऑफिसातच ठेवलाय."

"असं? मग उद्यापासून तुम्ही कुठं राहणार? घरी की ऑफिसात?"

यानंतर रजिस्टरराव दोन्ही हात दोन्ही खिशांवर दाबून चालू लागले. पण माघार? छे! चोर असलाच तर एखादाच असणार, बाहेरून आलेला. त्याला आपण पकडू, वस्तू परत मिळवू आणि वस्तीचं नाव राखू. हे रविवारच्या आत व्हायला हवं होतं, कारण रविवारी अकरा वाजता मेहुणा पाहणीला येणार होता.

रविवारी आठ वाजता "जरा फिरून येतो" म्हणून ते बाहेर पडले. फोन गादीवरच राहिला. प्रत्येक दाराशी, प्रत्येक ओट्यावर नजर टाकत ते गल्ल्यांतून हिंडले आणि तासाभरात चोराचा सोडाच, स्वतःच्या घराचाही पत्ता त्यांना सापडेनासा झाला. जिकडे बघावं तिकडे हिरवा दरवाजा. परवा-परवा शिस्त म्हणून वाखाणलेल्या त्या रंगाचा आता संताप येऊ लागला. रस्ता विचारायचा? स्वतः निवडलेल्या वस्तीत? त्यापेक्षा चालत राहिलेलं बरं. मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणत ते त्याच सलूनसमोरून चौथ्यांदा गेले.

चौथ्या वेळी न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. "साहेब, दाढी करायचीय की रस्ता हवाय?"

"मी पाहणी करतोय."

"कसली?"

"एकंदर."

न्हाव्यानं वस्तरा पुसून खिशात ठेवला, रजिस्टररावांचा दंड धरला आणि त्यांना दोन वळणं घेऊन थेट स्टेशनच्या तोंडाशी आणलं. तिथं किल्ल्या बनवणाऱ्या एका बाईची टपरी होती. सगळी वस्ती तिला चावीमावशी म्हणे.

"मावशी, हे सापडले. चार फेऱ्या मारल्या, घर काही सांगत नाहीत."

"ठेव तिथं, स्टुलावर," चावीमावशी मान वर न करता म्हणाली. ती कानशीनं किल्ली घासत होती.

न्हाव्यानं त्यांना स्टुलावर ठेवलं आणि तो गेला. रजिस्टरराव खवळून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर टपरीच्या भिंतीवर गेली. भिंतभर खिळे ठोकलेले होते. खिळ्यांना हातमोजे, चष्मे, मफलर, एका बाळाची टोपी. आणि मधोमध ओळीनं त्यांची बॅग, त्यांची छत्री, त्यांचा डबा.

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. चोर नव्हते! चौदा नंबर स्वच्छ होता! मेहुणा हरला होता!

"ही माझी बॅग!" ते ओरडले.

"मग घ्या की. पंधरा दिवस लटकलीय. काळा रंग, आत नोटांपेक्षा कागद जास्त. इथं जे सापडतं ते माझ्याकडेच येतं. सगळ्यांच्या किल्ल्या मीच केल्यात, कुणाचं काय ते मला दिसल्यावर कळतं. तुम्ही नवीन, तुमचा चेहरा तेवढा माहीत नव्हता."

"पण... हे नियमानं आमच्या... म्हणजे मेट्रोच्या हरवले-सापडले खात्यात जायला हवं!"

"दहा वर्षांपूर्वी पाठवायचे स्टेशनवाले. मग तिथं कुणीतरी तेवीस रकान्यांचा फॉर्म काढला. एका रुमालासाठी तेवीस रकाने, तेही तीनदा लिहायचे! स्टेशनमास्तर म्हणाला, मावशी, यापेक्षा तुझा खिळा बरा. कुठल्या रिकामटेकड्याच्या डोक्यातून निघाला होता तो फॉर्म, देव जाणे."

देव जाणत होता आणि रजिस्टररावही जाणत होते. तो फॉर्म त्यांनी स्वतः, एका पावसाळी सुट्टीत, पोटच्या पोरासारखा घडवला होता. दुसरा एखादा असता तर वरमला असता. रजिस्टररावांचा ताठा उलट वाढला.

"फॉर्म आवश्यक असतो," ते म्हणाले. "फॉर्म भरल्याशिवाय मी माझी वस्तू घेणार नाही."

"नका घेऊ," चावीमावशी म्हणाली आणि पुढची किल्ली कानशीवर धरली.

त्यांनी बॅगेतून कोरा फॉर्म काढला (तो ते नेहमी बरोबर बाळगत) आणि गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. नाव, पत्ता, वस्तूची लांबी, रुंदी झालं. अकराव्या रकान्याशी गाडी अडली. 'हरवणाऱ्याच्या स्वभावाचे थोडक्यात वर्णन.' पेनाचं टोक चावत ते पाऊण तास तिथंच बसून राहिले.

अकरा वाजता स्टेशनातून मेहुणा बाहेर आला. त्याला घ्यायला आलेली बायको बरोबर होती.

"जिंकलो!" रजिस्टरराव स्टुलावरूनच गरजले. "दादा, तीन वस्तू हरवल्या आणि तिन्ही मिळाल्या! नऊ नंबर गेलं उडत!"

मेहुण्यानं आधी भिंत पाहिली, मग फॉर्म पाहिला. "तीन? पंधरा दिवसांत? आणि आम्हाला तर बॅग दुरुस्तीला गेल्याचं कळलं होतं."

"मला दुसऱ्याच दिवशी दिसली बॅग," बायको म्हणाली. "मावशी देत होत्या. मीच म्हटलं, राहू दे. बघू या तरी, आणखी काय काय दुरुस्तीला जातंय." मग ती भावाकडे वळली. "दादा, मला ही जागा आवडलीय. मी इथून हलणार नाही. तू नऊ नंबर दुसऱ्या कुणाला तरी दे."

बावीस वर्षांत मेहुण्याला असं कुणी सुनावलं नव्हतं. रजिस्टररावांची छाती फुगली. निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता. तो लावला बायकोनं, ही गोष्ट त्यांनी मनातल्या मनात निरंक करून टाकली.

बायकोनं खिळ्यांवरून बॅग, छत्री आणि डबा उतरवले, मावशीचे आभार मानले आणि भावाला म्हणाली, "चल, वर चहा घेऊ."

"बाई," चावीमावशीनं मागून हाक मारली, "आणि हे? हेही तुमचेच ना?"

बायकोनं वळून रजिस्टररावांकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"आहेत माझेच. पण राहू देत संध्याकाळपर्यंत. दुसरं कुणी मागायला आलं, तर देऊन टाका."

रजिस्टररावांनी मान ताठ केली आणि ते स्टुलावर सावरून बसले. साडेसहापर्यंत कुणीही आलं नाही.